होडीतले, विहिरीवरचे इंजिन : आतून कसे चालते?

सातपाटी, मुरबे, दांडी, डहाणू या बंदरांतून समुद्रात जाणारी मच्छीमार नौका, केळवे-माहीमच्या वाडीला पाणी देणारा पंप, वीज जाताच बोईसरच्या दुकानाबाहेर घरघरू लागणारे जनित्र आणि तारापूर औद्योगिक वसाहतीत आगीच्या प्रसंगासाठी राखून ठेवलेला डिझेल पंप, ही यंत्रे दिसायला निरनिराळी असली तरी त्यांच्या पोटात तत्त्व एकच आहे. बंद नळकांड्यात इंधन जाळायचे, तापलेल्या वायूच्या दाबाने दट्ट्या ढकलायचा आणि त्या ढकलण्याचे रूपांतर फिरण्यात करायचे. पालघर-बोईसर मार्गावरून एकेकाळी धावणाऱ्या वाफेच्या इंजिनात आग बाहेर, भट्टीत असे आणि दट्ट्यापर्यंत केवळ वाफ पोहोचे. येथे आग दट्ट्याच्या डोक्यावरच पेटते, म्हणून याचे नाव अंतर्ज्वलन इंजिन.

ही आग ताब्यात ठेवण्याची चार टप्प्यांची पद्धत जर्मनीच्या निकोलाउस ओटो यांनी १८७६ मध्ये यशस्वी करून दाखविली. रुडॉल्फ डिझेल यांचे इंजिन १८९७ मध्ये आउग्सबुर्ग येथील चाचणीत उतरले, तेव्हा इंधनातील सुमारे २६ टक्के ऊर्जा त्याने कामी आणली. त्या काळच्या वाफेच्या इंजिनांच्या तुलनेत हा आकडा थक्क करणारा होता. महाराष्ट्रात साताऱ्याजवळ धनजीशा कूपर यांच्या कारखान्यात १९३० च्या दशकात डिझेल इंजिने घडू लागली. (हेच कूपर १९३७ मध्ये काही महिने मुंबई प्रांताचे पंतप्रधान होते, हे आता फारसे कोणाला आठवत नाही.) १९४६ मध्ये पुण्याजवळ खडकीला किर्लोस्कर ऑइल इंजिन्सची स्थापना झाली आणि पुढच्या काही दशकांत ‘किर्लोस्कर’ हे नाव ग्रामीण महाराष्ट्रात इंजिनाचे जवळजवळ सामान्यनामच होऊन बसले.

चार स्ट्रोक, दोन फेरे

छोट्या इंजिनाचे काम समजून घ्यायचे, तर किर्लोस्करचेच एक सिलिंडरी ‘टीव्ही-१’ हे इंजिन डोळ्यांपुढे ठेवणे सोयीचे. देशातील असंख्य अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांत ते आढळते आणि त्याची मापे सर्वज्ञात आहेत. सिलिंडरचा व्यास ८७.५ मिलिमीटर, दट्ट्याची धाव ११० मिलिमीटर. या दोहोंतून निघणारे आकारमान ६६१ घनसेंटिमीटर, म्हणजे पाण्याच्या लिटरभर बाटलीच्या दोन तृतीयांश. मिनिटाला १५०० फेऱ्यांवर हे इंजिन ५.२ किलोवॅट, म्हणजे सुमारे सात अश्वशक्ती देते.

दट्ट्या खाली येतो, वरची एक झडप उघडी असते आणि हवा आत ओढली जाते. हा पहिला स्ट्रोक. दोन्ही झडपा मिटतात, दट्ट्या वर जातो आणि हवा दाबली जाते, हा दुसरा. नेमक्या वेळी इंधन पेटते, वायू प्रसरण पावतो आणि दट्ट्याला खाली लोटतो, हा तिसरा. मग दुसरी झडप उघडते आणि वर येणारा दट्ट्या जळका धूर बाहेर ढकलतो, हा चौथा. दट्ट्याची ही वरखाली हालचाल कनेक्टिंग रॉडमार्फत क्रँकशाफ्टला मिळते आणि तेथे तिचे फिरणे होते. सायकलच्या पायडलवर पाय खाली दाबला की चाक फिरते, तसाच हा प्रकार.

चार स्ट्रोकसाठी शाफ्टचे दोन फेरे लागतात आणि त्यांतला एकच स्ट्रोक कमावता असतो. उरलेले तीन खर्चिक. मग त्या तीन स्ट्रोकांत इंजिन थांबत का नाही? कारण बाजूला असलेले जड फ्लायव्हील. कमावत्या स्ट्रोकमधली ऊर्जा ते आपल्या गतीत साठवते आणि उरलेल्या तिघांना उसनी देते. एक सिलिंडरी इंजिनाला एवढे मोठे चाक का लागते आणि सहा सिलिंडरी इंजिनाला त्या मानाने लहान का पुरते, याचे उत्तर यातच आहे: सहा सिलिंडरांत कोणी ना कोणी सतत कमावत असतो.

ठिणगीविना पेट

पेट्रोल इंजिनात हवा आणि पेट्रोल यांचे मिश्रण आत घेतले जाते आणि स्पार्क प्लगची ठिणगी ते पेटविते. डिझेल इंजिनात प्लगच नसतो. तेथे आत येते ती नुसती हवा. टीव्ही-१ मध्ये दाबाचे प्रमाण १७.५ ला एक आहे; म्हणजे सुमारे ७०० घनसेंटिमीटर हवा दट्ट्या वर येईतो ४० घनसेंटिमीटरांत कोंबली जाते. सायकलला हवा भरताना पंपाचे टोक गरम होते, हा अनुभव सर्वांचा आहे. तीच गोष्ट येथे टोकाला नेलेली असते. दाब वातावरणाच्या सुमारे चाळीस पट होतो आणि हवेचे तापमान पाचशे अंश सेल्सिअसच्या पुढे जाते. डिझेलला आपोआप पेट घेण्यास याच्या निम्मेही तापमान पुरे असते. दट्ट्या माथ्यावर पोहोचण्याच्या किंचित आधी नोझलमधून डिझेलचा फवारा सुटतो आणि तो हवेला भिडताच पेटतो.

हा फवारा किती? पूर्ण भारावर असे इंजिन तासाला सुमारे दीड लिटर डिझेल पिते. मिनिटाला ७५० फवारे, म्हणजे तासाला ४५ हजार. एका फवाऱ्याच्या वाट्याला मिलिलिटरचा तिसावा भाग येतो. पाण्याच्या थेंबाहूनही हे माप लहान. एवढेसे डिझेल, तेही वातावरणाच्या दोनशे पट दाबाने, सेकंदाला साडेबारा वेळा, क्षणाचाही आगामागा न होता सोडायचे. इंधनपंप आणि नोझल यांची घडण मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या हिशेबात करावी लागते, ती यामुळे. उलट हवेची भूक अवाढव्य: याच इंजिनाला मिनिटाला चारशे लिटरहून अधिक हवा लागते. ती हवा धुळीची असेल, तर धूळ सिलिंडरच्या भिंती आणि दट्ट्याच्या रिंगा घासून काढते. फिल्टर न धुता वर्षानुवर्षे इंजिन चालविणारा मालक डिझेल वाचवत नसतो, सिलिंडर झिजवत असतो.

जुन्या इंजिनाला हँडल मारून सुरू करताना मिस्त्री आधी एक छोटी कळ उचलतो, हे अनेकांनी पाहिले असेल. त्या कळीने एक झडप उघडी राहते, हवा दाबली जात नाही आणि चाक हातांनी फिरू शकते. चाकाने वेग घेतला की कळ सोडायची. मग साठलेल्या गतीच्या जोरावर दट्ट्या दाबाचा डोंगर चढतो आणि पहिला ठोका पडतो. कळीशिवाय एवढी हवा मनगटाच्या बळावर दाबणे बहुतेकांना जमणार नाही.

समुद्रात इंजिन का बंद पडते?

पालघरच्या किनाऱ्यावरची मासेमारी एकेकाळी शिडाच्या होड्यांवर चाले. स्वातंत्र्यानंतरच्या दशकांत सरकारी योजना आणि मच्छीमारांच्या सहकारी संस्था यांच्या आधाराने होड्यांत इंजिने बसू लागली. वाऱ्याची वाट पाहण्याचे कारण उरले नाही, पापलेटच्या शोधात दूरवर जाता येऊ लागले. (याच रुपेरी पापलेटला २०२३ मध्ये महाराष्ट्राचा राज्यमासा घोषित करण्यात आले.) परंतु शीड उतरले आणि परत येण्याची सारी भिस्त एका यंत्रावर आली. किनाऱ्यापासून कित्येक तासांच्या अंतरावर इंजिन बंद पडले, तर तांडेल आणि खलाशी यांच्यापुढे दुसऱ्या नौकेची वाट पाहण्यावाचून पर्याय थोडा. म्हणून बिघाडाची कारणे समजून घेणे हा तेथे हौसेचा विषय नाही.

सर्वांत नेहमीचे कारण म्हणजे डिझेलच्या नळीत शिरलेली हवा. टाकीतले डिझेल खाली गेलेले असताना नौका लाटांवर डुलली, की नळीचे तोंड क्षणभर उघडे पडते आणि हवेचा बुडबुडा आत जातो. द्रव दाबला तर दाब लगेच पुढे पोहोचतो. हवा मात्र स्वतःच आकसते. पंप दाबत राहतो, बुडबुडा आकसत-फुगत राहतो आणि नोझल उघडण्याइतका दाब कधी तयारच होत नाही. इंजिनाने ‘एअर घेतली’ असे मिस्त्री म्हणतात ते हेच. उपाय सोपा: पंपावरचा स्क्रू सैल करायचा, हाताच्या पंपाने डिझेल ढकलायचे, बुडबुडे संपून सलग धार आली की स्क्रू आवळायचा. पान्हा जवळ असेल आणि हे माहीत असेल, तर पंधरा मिनिटांचे काम. नसेल, तर सुस्थितीतले इंजिनही निरुपयोगी.

दुसरे कारण डिझेलमधले पाणी. अर्धवट भरलेल्या टाकीत रात्रीच्या गारव्याने हवेतील बाष्पाचे थेंब जमतात. पाणी जड असल्याने तळाशी बसते आणि नोझलपर्यंत पोहोचले की तिला गंज चढवते. तिसरे कारण थंडाव्याचे. इंधनातल्या ऊर्जेचा जेमतेम तिसरा हिस्सा पंख्यापर्यंत जातो; उरलेली उष्णता धुरातून आणि थंड करणाऱ्या पाण्यातून बाहेर काढावी लागते. समुद्राचे पाणी थेट इंजिनातून फिरवले, तर क्षार आतल्या वाटांत जमतात आणि धातू कुरतडला जातो. म्हणून आत गोडे पाणी फिरवून समुद्राच्या पाण्याने ते बाहेरून निववण्याची पद्धत अधिक चांगली. दोन्ही व्यवस्थांत खाऱ्या पाण्याचे तोंड प्लॅस्टिकच्या पिशवीने बुजले की इंजिन तापते, हेड गॅस्केट जाते आणि फेरी तेथेच संपते. किनाऱ्यावर फेकलेली पिशवी अशी मच्छीमाराच्या मुळावर येते.

इंजिन आपली प्रकृती धुरातून सांगत असते. काळा धूर म्हणजे इंधन जास्त, हवा कमी: भार झेपत नाही, फिल्टर तुंबला आहे किंवा नोझल गळते आहे. निळसर धूर म्हणजे रिंगा झिजून वंगणतेल वर चढून जळते आहे. पांढरा धूर थंड इंजिन सुरू करताना थोडा वेळ दिसणे स्वाभाविक. पण तो टिकून राहिला, तर डिझेल न जळताच बाहेर पडते आहे किंवा सिलिंडरमध्ये पाणी शिरते आहे.

डिझेलच्या खर्चाचाही येथे एक हिशेब आहे आणि तो लक्षात घेतला जातोच असे नाही. नौकेचा वेग वाढविण्यासाठी लागणारी शक्ती साधारणपणे वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. आठ नॉटऐवजी सात नॉटने गेले, तर दर तासाला लागणारे डिझेल सुमारे एक तृतीयांशाने घटते. प्रवासाला वेळ अधिक लागतो हे धरूनही तेवढ्याच अंतरासाठी जवळपास पाव डिझेल वाचते. मात्र सातपाटीच्या खाडीत गाळ साचलेला, नौका आत घ्यायची तर भरती साधावी लागते. भरती हुकली की बाहेर थांबणे आले, मासळीचा भाव उतरणे आले. तांडेल गतीचा दांडा पुढे ढकलतो, तेव्हा त्याला डिझेलची किंमत ठाऊक नसते असे नाही.

लुना आणि टू-टी ऑइल

चार स्ट्रोकांचे काम दोनांत उरकणारे इंजिनही आहे. त्यात झडपा नसतात. सिलिंडरच्या भिंतीतली भोके दट्ट्या स्वतःच झाकतो आणि उघडतो. ताजे मिश्रण आधी दट्ट्याखालच्या क्रँकच्या पेटीत येते आणि तेथून वर ढकलले जाते. प्रत्येक फेऱ्याला एक कमावता स्ट्रोक मिळत असल्याने इंजिन हलके, स्वस्त आणि चपळ होते. १९७२ मध्ये आलेली पुण्याची लुना, त्याच दशकातला बजाज चेतक आणि कित्येक वर्षे धावलेल्या रिक्षा या साऱ्यांचा जीव याच इंजिनात होता. क्रँकच्या पेटीतून मिश्रण जात असल्यामुळे तेथे वंगणतेल भरून ठेवता येत नाही. ते पेट्रोलमध्येच मिसळावे लागते. पेट्रोल पंपावरचे ‘टू-टी ऑइल’ ते हेच. तेल पेट्रोलसोबत जळते, त्याचा निळा धूर होतो आणि ताज्या मिश्रणाचा काही भाग न जळताच धुराच्या वाटेने निसटतो. प्रदूषणाचे नियम कडक होत गेले तसे नव्या दुचाकींतून हे इंजिन हद्दपार झाले. गवत कापण्याच्या खांद्यावरच्या यंत्रांत आणि फवारणी पंपांत ते अजून भेटते. अशा यंत्रात चुकून नुसते पेट्रोल भरले, तर दट्ट्या काही मिनिटांत सिलिंडरला चिकटून बसतो.

दीड हजार फेऱ्यांचे गणित

बोईसरमधल्या जनित्राचे डिझेल इंजिन नेमके १५०० फेऱ्यांवर का चालते, याचे उत्तर विजेच्या तारेत आहे. आपल्याकडची वीज सेकंदाला ५० वेळा आवर्तन करते. चार ध्रुवांच्या जनित्रात एका फेऱ्यात दोन आवर्तने होतात. सेकंदाला २५ फेरे म्हणजे ५० आवर्तने आणि मिनिटाला १५०० फेरे. दुकानातली छोटी पेट्रोल जनित्रे दोन ध्रुवांची असतात, म्हणून ती ३००० फेऱ्यांवर किंचाळत असतात. भार वाढला की इंजिन मंदावू पाहते. तेव्हा गव्हर्नरमधली फिरती वजने आत येतात आणि इंधन वाढवतात. भार घटला की वजने बाहेर फाकतात आणि इंधन कमी होते. दुकानातला फ्रीज सुरू होताना दिवा क्षणभर मंद होऊन सावरतो, तो क्षण गव्हर्नरचा.

२००० च्या दशकातील भारनियमनाच्या काळात अशी जनित्रे गल्लोगल्ली पोहोचली. बंदिस्त पेटीतल्या डिझेल जनित्राचा आवाज एक मीटर अंतरावर ७५ डेसिबलपेक्षा अधिक असू नये, असा नियम आहे. धुराच्या बाबतीत १ जुलै २०२३ पासून नव्या जनित्रांना आणखी कडक मर्यादा लागू झाल्या. धुराडे इमारतीपेक्षा किती उंच हवे याचेही सूत्र आहे: जनित्राच्या केव्हीए क्षमतेच्या वर्गमूळाचा पाचवा भाग, मीटरमध्ये. १०० केव्हीएच्या जनित्राचे धुराडे इमारतीच्या वर दोन मीटर असले पाहिजे. शेजारच्या खिडकीखाली सोडलेली नळी या सूत्रात कोठेच बसत नाही.

विहिरीतला वायू

छोट्या इंजिनाचा सर्वांत मोठा धोका मात्र डोळ्यांना दिसत नाही. हवा अपुरी पडली की इंधन अर्धवट जळते आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातील हिमोग्लोबिनशी तो प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्टपणे जोडला जातो आणि माणूस शुद्ध हरपेपर्यंत त्याला काही कळत नाही. पेट्रोल आणि केरोसीनवर चालणाऱ्या इंजिनांत हा वायू भरपूर निघतो, डिझेलमध्ये कमी. पण बंद जागेत दोन्ही घातक.

विहिरीवर हा धोका का येतो, त्यामागे भौतिकशास्त्राचा एक नियम आहे. पंप पाणी ओढतो असे आपण म्हणतो. वस्तुतः वातावरणाचा दाब ते वर ढकलतो आणि हा दाब तत्त्वतः दहा मीटरच्या थोडे वर, व्यवहारात सात मीटरच्या आसपासच पाणी चढवू शकतो. उन्हाळ्यात पाणी त्याखाली गेले, की पंप आणि इंजिन विहिरीच्या आतल्या टप्प्यावर उतरवण्याचा मोह होतो. अरुंद विहिरीत धूर वर निघत नाही. इंजिन बंद पडते किंवा ते पाहायला माणूस उतरतो आणि कोसळतो. त्याला काढायला दुसरा उतरतो आणि तोही कोसळतो. अशा दुर्घटनांत एकापाठोपाठ माणसे दगावतात ती यामुळे. इंजिन बंद केल्यावरही वायू विहिरीत राहतो. दोर कमरेला बांधल्याशिवाय आणि विहिरीत जोराने हवा सोडल्याशिवाय कोणीही खाली उतरता कामा नये. शक्य असेल तेथे इंजिन वरच ठेवून पाण्यात बुडणारा विजेचा पंप खाली सोडावा. दार ओढून घेतलेल्या दुकानाच्या माळ्यावर चालणारे जनित्र ही विहिरीचीच दुसरी आवृत्ती होय.

राखीव इंजिन

तारापूर औद्योगिक वसाहतीत रासायनिक कारखाने मोठ्या संख्येने आहेत. आग लागली की पहिल्यांदा वीज तोडली जाते, म्हणून अग्निशमनाच्या पाण्यासाठी विजेच्या पंपाच्या जोडीला डिझेल इंजिनावरचा पंप ठेवण्याची पद्धत आहे. हे इंजिन वर्षभर जवळजवळ काहीच करीत नाही आणि हीच त्याची अडचण. न वापरलेल्या इंजिनाची बॅटरी उतरते, डिझेलमध्ये गाळ धरतो, रबरी नळ्या कडक होतात. ते दर आठवड्याला काही वेळ प्रत्यक्ष चालवून पाहावे लागते. नोंदवहीत सही केल्याने इंजिन सुरू होत नाही.

जवळच्या अणुऊर्जा केंद्रासारख्या ठिकाणीही बाहेरची वीज गेल्यास अणुभट्टी थंड ठेवण्याची जबाबदारी आणीबाणीच्या डिझेल जनित्रांवर असते. ती आकाराने प्रचंड असली, तरी काम त्याच तत्त्वावर करतात. ११ मार्च २०११ रोजी जपानमधील फुकुशिमा येथे भूकंपाने बाहेरची वीज तोडली, तेव्हा तेथली जनित्रे सुरू झाली होती. सुमारे पाऊण तासाने आलेल्या त्सुनामीचे पाणी तळघरांत शिरले आणि बहुतेक जनित्रे बंद पडली. इंजिनाला इंधनाइतकीच कोरडी जागा आणि मोकळी हवा लागते. त्यानंतर जगभरच्या किनाऱ्यांवरील केंद्रांत जनित्रे किती उंचावर असावीत याची फेरतपासणी झाली.

किनाऱ्यावरच्या नौकांना ही विश्रांती दरवर्षी सक्तीनेच मिळते. १ जून ते ३१ जुलै या पावसाळी मासेमारीबंदीच्या काळात नौका शाकारल्या जातात आणि इंजिनांच्या दुरुस्तीचा हंगाम सुरू होतो. नोझल आणि इंधनपंप काढून दाब तपासला जातो, झडपांमधले अंतर नीट केले जाते, काळे पडलेले वंगणतेल बदलले जाते. जळक्या डिझेलमधली आम्ले त्या तेलात उतरलेली असतात. ते तसेच दोन महिने आत ठेवले, तर बेअरिंग खराब होते. तेल बदलायचे ते बंदी सुरू होताना, संपताना नव्हे. आणि टाकी रिकामी न ठेवता काठोकाठ भरून ठेवायची, म्हणजे आत दमट हवेला जागा उरत नाही.